रेग्युलेटर सर्व्हिसिंगला देण्याआधी आणि आणल्यानंतर

स्कूबा डायव्हिंग शिकणाऱ्या प्रत्येकाला एक वाक्य हमखास ऐकवलं जातं: रेग्युलेटरचं, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वास घेण्याजोग्या दाबावर आणून तोंडात देणाऱ्या यंत्राचं, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी करून घ्या. सल्ला योग्यच आहे. पण त्यातून असा समज होऊन बसतो की एकदा तंत्रज्ञाच्या हाती दिला, पावती घेतली, की पुढच्या तारखेपर्यंत त्याच्याकडे बघायचं कारण नाही. हा समज धोक्याचा आहे. सर्व्हिसिंग आणि तपासणी ही दोन वेगळी कामं आहेत. रेग्युलेटर उघडायचा, साफ करायचा, झिजलेले भाग बदलायचे आणि पुन्हा जुळवायचा, हे सर्व्हिसिंग. ते प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचंच काम. तो न उघडता, बाहेरून, थोडं ऐकून, थोडं ओढून, एका छोट्या गेजकडे बघून आत काय चाललंय ते ओळखायचं, ही तपासणी. ती डायव्हरची स्वतःची. तिला तारीख लागत नाही, आणि सर्व्हिसिंग होऊन आलेल्या रेग्युलेटरलाही ती चुकत नाही.

तपासणी समजायची तर आधी यंत्र समजायला हवं. ते दिसतं तितकं अवघड नाही.

दोन टप्प्यांत उतरणारा दाब

भरलेल्या सिलिंडरमध्ये हवेचा दाब साधारण 200 बार असतो, म्हणजे सुमारे 2900 पीएसआय. फुफ्फुसांना हवी असते ती भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा. पृष्ठभागावर हा दाब 1 बार. खाली जाताना दर 10 मीटरला आणखी 1 बार वाढतो, म्हणून 30 मीटरवर तो 4 बार होतो. खोली सतत बदलते, सिलिंडरमधला दाब सतत उतरतो, आणि तरीही पहिला श्वास आणि शेवटचा श्वास सारखाच सहज यायला हवा. रेग्युलेटरचं सगळं काम एवढंच.

श्वास ओढला तरच हवा देणारी झडप ही कल्पना जुनी आहे. फ्रान्समध्ये बेन्वा रुकेरोल आणि ऑग्युस्त देनेरूझ यांनी 1860 च्या दशकातच तसं उपकरण बनवलं होतं. आज आपण ज्याला स्कूबा म्हणतो त्याची सुरुवात मात्र 1943 ची. युद्धात पेट्रोलची टंचाई होती, म्हणून एमील गान्यां या अभियंत्याने गाड्या पर्यायी वायूवर चालवण्यासाठी एक रेग्युलेटर तयार केला होता. झाक कुस्तो या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याच्या सोबतीने त्याने तोच पाण्याखालच्या श्वासासाठी बेतला. तेव्हाच्या रचनेत दाब उतरवण्याचं सगळं काम पाठीवर होत असे आणि तिथून दोन जाड नळ्या तोंडाकडे येत. आता हे काम दोन ठिकाणी वाटलेलं आहे.

फर्स्ट स्टेज सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर बसते. ती 200 बारची हवा घेऊन भोवतालच्या दाबापेक्षा साधारण 9 ते 10 बार जास्त, एवढ्यावर आणते. या मधल्या दाबाला इंटरमीडिएट प्रेशर म्हणतात, आणि सगळे त्याला आयपी म्हणूनच ओळखतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढचा बराच लेख त्याच्याभोवती फिरणार आहे.

आतून फर्स्ट स्टेज दोन प्रकारची असते. पिस्टनवाल्या रचनेत स्प्रिंग पिस्टनला उघडं ठेवते आणि आयपी वाढला की तोच दाब पिस्टनला बंद करतो. बंद होताना धातूची गोल धार एका कडक प्लास्टिकच्या सीटवर टेकते. डायफ्रॅमवाल्या रचनेत पिस्टनऐवजी जाड रबरी पडदा असतो, तो वाकतो आणि एका पिनच्या मदतीने झडप उघडतो. पिस्टनमध्ये हलणारे भाग कमी, पण बऱ्याच मॉडेलांत स्प्रिंगच्या खोलीत समुद्राचं पाणी थेट शिरतं. डायफ्रॅममध्ये भाग जास्त, पण पाणी पडद्याच्या अलीकडेच अडतं. कोणता चांगला यावर डायव्हर तावातावाने वाद घालतात. नीट राखलेला कुठलाही चांगला आणि दुर्लक्षित कुठलाही वाईट, असं माझं मत आहे.

सेकंड स्टेज तोंडात धरायची. तिच्यातही एक पडदा असतो, पण पातळ. श्वास ओढला की आतला दाब किंचित उतरतो, पडदा आत झुकतो, एका पट्टीला दाबतो, ती पट्टी पॉपेट नावाची छोटी झडप मागे ओढते आणि हवा येते. श्वास सोडला की पडदा जागेवर जातो, झडप मिटते आणि सोडलेली हवा खालच्या मऊ रबरी एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून बाहेर पडते.

यातली एक बाब फार महत्त्वाची. नेहमीच्या सेकंड स्टेजमध्ये पॉपेट हवेच्या वाहण्याच्या दिशेनेच उघडतो. म्हणजे वरून येणारा दाब वाढला तर झडप आपोआप उघडते. म्हणूनच रेग्युलेटर बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा हवा अडत नाही, उलट धो धो वाहायला लागते. याला फ्री फ्लो म्हणतात. सिलिंडर झपाट्याने रिकामा होतो, पण श्वास मिळत राहतो. बिघडायचं तर हवा देऊन बिघडायचं, ही या रचनेमागची शहाणी निवड आहे.

आयपी: एका आकड्यात बरंच काही

या संपूर्ण यंत्राबद्दल एकच गोष्ट बघायची मुभा असेल तर मी आयपी बघेन. त्यासाठी लागणारा गेज तळहातात मावतो आणि बीसीडीत (डायव्हरला पाण्यात तरंगतं ठेवणाऱ्या, हवा भरायच्या जाकिटात) हवा भरणाऱ्या नळीच्या टोकाला खटकन बसतो. गेज घेताना जादा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह असलेलाच घ्यावा. तपासताना सेकंड स्टेज जोडलेली असायलाच हवी. फर्स्ट स्टेज बिघडलेली असेल आणि दाब भलताच चढला, तर तो बाहेर पडायला तीच वाट असते. नुसता गेज लावून आणि बाकी सगळं बूच मारून सिलिंडर उघडणं म्हणजे नळी फुटण्याला आमंत्रण.

सिलिंडरचा व्हॉल्व्ह हळू उघडा. काटा चढून थांबतो. आता सेकंड स्टेजचं पर्ज बटण, म्हणजे दाबलं की हवा सोडणारं समोरचं बटण, चार-सहा वेळा दाबून सोडा. दाबलं की काटा खाली झुकेल, सोडलं की वर येऊन ठाम उभा राहील. हे ठाम उभं राहणं डोळ्यांनी नीट बघा. निरोगी फर्स्ट स्टेजचा काटा एका जागी येऊन थांबतो, रेंगाळत नाही. पहिल्या काही सेकंदांत चार-पाच पीएसआय सरकून स्थिरावला तर चालतं. आकडा किती हवा ते मॉडेलवर ठरतं. कुणाचा 9 बार, कुणाचा 9.5, कुणाचा 10. तुमच्या मॉडेलचा आकडा सर्व्हिसिंग करणाऱ्याला विचारून लिहून ठेवा.

आता बिघाड कसा दिसतो ते बघू. काटा 9.5 वर आला, थांबल्यासारखा वाटला. तुम्ही नजर हटवून दोन मिनिटांनी परत पाहिलं तर तो 10 वर. आणखी थोड्या वेळाने 10.5. मग सेकंड स्टेजमधून एक बारीक फुस्स असा आवाज, काटा जरा खाली, आणि पुन्हा चढण सुरू. याला क्रीप म्हणतात. फर्स्ट स्टेजची झडप पूर्ण मिटत नाहीये, 200 बारची हवा केसाएवढ्या फटीतून आत झिरपतेय, दाब साचतोय, आणि सेकंड स्टेज तो सोडून देतेय. कारण बहुतेक वेळा सीटमध्ये असतं: ती झिजलेली असते, किंवा तिच्यावर मिठाचा किंवा गंजाचा कण रुतलेला असतो. कधी धातूच्या धारेलाच ओरखडा पडलेला असतो. क्रीप दिसला की तो रेग्युलेटर पाण्यात न्यायचा नाही. यावर चर्चा नको.

या तपासणीचा आणखी एक मोठा फायदा आहे. सेकंड स्टेज बारीक सुसकारते म्हटल्यावर सगळे सेकंड स्टेजलाच दोष देतात. गेज लावला की खरं कळतं. आयपी ठाम असेल आणि तरी आवाज येत असेल, तर दोष सेकंड स्टेजचा. नळाचा वायसर झिजला की नळ कितीही आवळला तरी ठिबकतो, तसंच तिच्या मऊ सीटचं होतं: धातूच्या कडेवर सतत दाबली जाऊन तिच्यात गोल खाच पडते. पण आयपीच चढत असेल, तर सेकंड स्टेज बिचारी आपलं काम चोख करतेय आणि दोष वर आहे. असा आवाज आला की काही जण सेकंड स्टेजच्या बाजूचा नॉब आवळून टाकतात. आवाज थांबतो, श्वास जड होतो, आणि फर्स्ट स्टेजचा बिघाड झाकला जातो. हे कधीही करू नका.

सिलिंडर भरलेला असताना एकदा आणि 50 बारच्या आसपास उतरल्यावर एकदा, असं दोनदा बघितलं तर आणखी एक गोष्ट समजते. बॅलन्स्ड प्रकारच्या फर्स्ट स्टेजमध्ये दोन्ही वेळचा आयपी जवळपास सारखा येतो. साध्या, अनबॅलन्स्ड पिस्टनमध्ये सिलिंडर रिकामा होईल तसा तो उतरतो. तो बिघाड नसतो, ती रचनाच तशी आहे. पण आपला रेग्युलेटर कोणत्या प्रकारचा आहे ते माहीत नसेल तर उगाच घाबरगुंडी उडते, किंवा खरा बिघाड "हे असंच असतं" म्हणून सोडून दिला जातो.

हात, कान आणि एक घमेलं पाणी

गेज नसेल तरी बरंच काही करता येतं.

सर्वात आधी, सिलिंडर न जोडता, फर्स्ट स्टेजवर तिची टोपी घट्ट बसवा आणि सेकंड स्टेज तोंडात धरून हळूच हवा ओढा. काहीच यायला नको. ओढ तशीच अडून राहायला हवी. बारीक का होईना, हवा येत असेल तर ती कुठल्या तरी फटीतून येतेय, आणि पाण्याखाली तिथूनच पाणी येणार. एक्झॉस्ट व्हॉल्व्हखाली वाळूचा कण किंवा केस अडकलेला असेल, पडद्याला भोक असेल, प्लास्टिकच्या कवचाला तडा असेल. पण मी सर्वात आधी माउथपीस, म्हणजे दातांत धरायचा रबरी भाग, बघायला सांगेन. तो प्लास्टिकच्या पट्टीने आवळलेला असतो आणि नेमका त्या पट्टीच्या कडेलाच फाटतो. वरून पाहिलं तर अखंड दिसतो. अंगठ्याने बाजूला ओढून वाकवला की कडेची काळी चीर उघडते. ओला श्वास येतो म्हणून अख्खी सेकंड स्टेज उघडायला निघालेल्या माणसाला कित्येकदा एवढाच भाग बदलून घरी जाता येतं.

मग सिलिंडर जोडा, उघडा, आणि सेकंड स्टेजमधून सलग काही खोल श्वास घेताना सिलिंडरच्या दाबाच्या गेजकडे बघा. काटा स्थिर राहायला हवा. प्रत्येक श्वासाला तो खाली झुकून परत वर येत असेल तर हवेची वाट कुठेतरी अडलेली आहे. एकतर सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही, नाहीतर फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी असलेला फिल्टर चोंदलाय. ही तपासणी प्रत्येक डाइव्हआधी करावी, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. वर सांगितलेल्या फ्री फ्लोच्या उलट, हवा कमी पडण्याचा हा दुर्मीळ पण जास्त भीतीदायक प्रकार. तो पृष्ठभागावर जाणवणारही नाही, पण 30 मीटरवर प्रत्येक श्वासाला चौपट हवा लागते, आणि तिथे जाणवेल.

घमेल्याचा प्रयोग मला फार आवडतो, कारण तो यंत्राचं मर्म दाखवतो. हवा चालू ठेवून सेकंड स्टेज तोंडाचा भाग वर आणि पर्ज बटण खाली अशी धरा, आणि सावकाश पाण्यात उतरवत न्या. पाणी बटणाच्या झाकणातून आत शिरून पडद्याला खालून दाबायला लागतं. पडदा पाण्याखाली साधारण अडीच ते चार सेंटिमीटर गेला की हिस्स आवाज सुरू व्हायला हवा. झडप उघडायला किती ओढ लागते त्याचं हे माप, तंत्रज्ञ याला क्रॅकिंग प्रेशर म्हणतात आणि पाण्याच्या उंचीतच मोजतात. पाणी लागताच वाहू लागली तर ती फार हलकी लावलेली आहे. बरीच खोल जाऊनही गप्प राहिली तर जड. एकदा सुरू झालेला प्रवाह थांबत नसेल तर घाबरू नका. वाहत्या हवेची ओढच पडद्याला आत धरून ठेवते. माउथपीस खाली वळवा किंवा त्यावर बोट ठेवा, थांबेल.

हे सगळं करताना ऑक्टोपस विसरू नका. ऑक्टोपस म्हणजे जोडीदारासाठी ठेवलेली दुसरी सेकंड स्टेज. ती चुकून वाहू नये म्हणून मुद्दाम थोडी जड लावलेली असते. डाइव्हमध्ये ती कुणी तोंडात घेत नाही, वाळूत घासते, बोटीच्या डेकवर आपटते, धुताना कोपऱ्यात राहते. पण जेव्हा तिची पाळी येते, तेव्हा समोर हवा संपलेला, घाबरलेला माणूस असतो. मुख्य सेकंड स्टेजची करता ती प्रत्येक तपासणी ऑक्टोपसचीही करा. किंबहुना आधी तिची करा.

शेवटी अख्खा संच हवा चालू ठेवून पाण्यात बुडवा आणि बुडबुडे शोधा. जोडांवर, फिरणाऱ्या सांध्यांवर, फर्स्ट स्टेजच्या छिद्रांवर. पिस्टनवाल्या फर्स्ट स्टेजच्या स्प्रिंगच्या खोलीतून बुडबुडे येत असतील तर पिस्टनची ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) गेली.

नळ्या

नळीचा बिघाड बहुधा तिच्या टोकाशी, धातूच्या जोडाजवळ सुरू होतो. तिथेच प्लास्टिकचं संरक्षक आवरण असतं, त्यामुळे तो दिसत नाही. आवरण मागे सरकवा. आत मिठाचा पांढरा थर, हिरवट डाग, रबराच्या बारीक भेगा, जोडाजवळ आलेली फुगवटी, यातलं काहीही दिसलं तर नळी बदला. नळी दुरुस्त करण्याची वस्तू नाही.

एक गोष्ट ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. सिलिंडरचा दाब दाखवणाऱ्या गेजकडे जाणारी उच्च दाबाची नळी फुटली तर बुडबुड्यांचं रूप फार भयानक दिसतं, पण तिच्या तोंडाशी मुद्दाम सुईच्या टोकाएवढं बारीक छिद्र ठेवलेलं असतं, त्यामुळे हवा त्या मानाने सावकाश जाते. कमी दाबाची नळी फुटली तर असा अडसर नसतो आणि सिलिंडर फार झटपट संपतो. दोन्हींत वर यायचंच, पण कोणती जास्त घाई करते ते माहीत असावं.

विणकाम केलेल्या लवचीक नळ्या हलक्या असतात, पण त्यांच्या काही प्रकारांत आतलं अस्तर कालांतराने विघटित होऊन आत पिवळसर स्फटिक साठल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत. बाहेरून नळी नवीकोरी दिसते. उष्ण, दमट ठिकाणी ठेवलेल्या नळ्यांना हा धोका जास्त. अशा नळ्यांचं वय लिहून ठेवा आणि उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदला.

फिल्टर काय सांगतो

फर्स्ट स्टेजच्या तोंडात डोकावलं की आत एक छोटा फिल्टर दिसतो, धातूचे बारीक कण दाबून केलेला, बऱ्याचदा शंकूच्या आकाराचा. टॉर्च लावून बघा. तो स्वच्छ, चकचकीत असायला हवा. हिरवट झाला असेल तर समुद्राचं पाणी आत गेलंय आणि पितळ खराब व्हायला लागलंय. तांबूस-तपकिरी असेल तर कुठल्या तरी स्टीलच्या सिलिंडरमधला गंज हवेबरोबर आलाय. काळपट भुकटी असेल तर कॉम्प्रेसरच्या कार्बन फिल्टरवर शंका घ्यावी. पांढरट-राखाडी पूड ॲल्युमिनियमच्या सिलिंडरमधली असू शकते. म्हणजे फिल्टर तुमच्या रेग्युलेटरबरोबरच तुम्ही हवा कुठून भरता त्याचीही खबर देतो. रंग बदलला की नुसता फिल्टर बदलून भागत नाही, जे फिल्टरपर्यंत आलं ते पलीकडेही गेलं असणार असं धरून आतली तपासणी करून घ्यायची.

हिरवा फिल्टर हा बहुतेक वेळा धुण्याच्या चुकीचा परिणाम असतो. टोपी न लावता, किंवा ओलीच टोपी लावून, पाण्यात बुडवलं की पाणी थेट आत. त्याहून छुपी वाट सेकंड स्टेजची: हवा बंद असताना, पाण्यात बुडलेल्या सेकंड स्टेजचं पर्ज बटण दाबलं की झडप उघडते आणि पाणी नळीतून वर फर्स्ट स्टेजपर्यंत जाऊ शकतं. म्हणून शक्य असेल तर सिलिंडर जोडून, हवा चालू ठेवूनच धुवा. आणि नुसतं नळाखाली धरणं पुरेसं नाही. वाळलेलं मीठ विरघळायला वेळ लागतो, तेव्हा गोड्या, कोमट पाण्यात बराच वेळ भिजत ठेवा. आत राहिलेले मिठाचे खडे ओ-रिंगला कापतात.

तंत्रज्ञाच्या टेबलावर

चांगला तंत्रज्ञ रेग्युलेटर उघडण्याआधी आयपी आणि क्रॅकिंग प्रेशर मोजून लिहितो. ही नोंद नसेल तर नंतर काय सुधारलं ते सांगणार कशाच्या आधारावर?

मग सुटे भाग होतात. जुन्या ओ-रिंगा काढताना पितळी किंवा प्लास्टिकची सळई वापरतात, स्टीलची नाही. ओ-रिंग ज्या खाचेत बसते तिच्या तळाला केसाएवढा ओरखडा पडला तरी नवी ओ-रिंगही तिथून गळणार, आणि तो ओरखडा पुसता येत नाही. धातूचे भाग अल्ट्रासॉनिक यंत्रात सौम्य आम्लाच्या पाण्यात टाकतात, म्हणजे मीठ आणि हिरवा थर सुटतो. हे पाणी जास्त कडक झालं किंवा भाग जास्त वेळ राहिले तर वरचा क्रोमचा मुलामा उडतो, तेव्हा वेळेकडे लक्ष ठेवावं लागतं. मग भरपूर धुणं, कोरडं करणं.

यानंतरचं काम मला सर्वात मोलाचं वाटतं आणि पावतीवर ते कधीच दिसत नाही: भिंगाखाली बघणं. सीटवर टेकणारी धातूची कड अगदी छोटी असते. भिंगातून ती अखंड, गुळगुळीत वर्तुळासारखी दिसायला हवी. एखाद्या ठिकाणी चमक तुटलेली दिसली, म्हणजे तिथे खड्डा आहे. अशा कडेवर नवी सीट बसवली तर काही दिवस चालेल, मग क्रीप परत येईल. किट, म्हणजे नव्या ओ-रिंगा-सीटचा तयार संच, बदलून देणारे पुष्कळ, कड बघणारे कमी.

नव्या ओ-रिंगा आणि सीट त्या मॉडेलच्याच लागतात, जवळपासच्या मापाच्या चालत नाहीत. ग्रीस अगदी पातळ लावायचं. साधं सिलिकॉन ग्रीस सिलिकॉन रबराच्या भागांना लावलं तर ते फुगतात. जोडणी टॉर्क रेंचने, उत्पादकाने सांगितल्या मापाने आवळायची. शेवटी आयपी आणि पट्टीची उंची लावून सेकंड स्टेज जुळवायची. युरोपात रेग्युलेटरांना ईएन 250 हे मानक लागू आहे: 50 मीटरच्या दाबाखाली मिनिटाला 62.5 लिटर इतकं श्वसन चालू असताना, लिटरमागे श्वासाचं काम 3 ज्यूलच्या वर जाता कामा नये. कारखान्यातून निघालेला रेग्युलेटर ही परीक्षा पास झालेल्या नमुन्याचा असतो. पट्टी एखाद्या मिलिमीटरने चुकीची लागली तरी तो गुण हातचा जातो.

थंड पाण्यात उतरणाऱ्यांनी आयपीबद्दल जास्त काटेकोर असावं. दाब उतरताना हवा गार होते. पाणी 10 अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर रेग्युलेटरच्या आत बर्फ धरून झडप उघडी अडकू शकते. आयपी गरजेपेक्षा जास्त असला की हा धोका वाढतो.

नायट्रॉक्स, म्हणजे साध्या हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेलं मिश्रण, वापरणाऱ्यांसाठी नियम वेगळे. 40 टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन असलेल्या मिश्रणाला बरेच उत्पादक नेहमीचा रेग्युलेटर चालवतात, त्यापुढे ऑक्सिजनसाठी खास साफ केलेला, खास ग्रीस आणि खास ओ-रिंगा लावलेलाच लागतो. साधं सिलिकॉन ग्रीस तिथे चालत नाही. उच्च दाबाच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेऊ शकतं. आपल्या मॉडेलची मर्यादा मॅन्युअलमध्ये बघा आणि देतानाच सांगा.

किती दिवसांनी? काही उत्पादक वर्षातून एकदा किंवा 100 डाइव्हनंतर म्हणतात, काही दोन वर्षांनी सर्व्हिसिंग आणि मधल्या वर्षी नुसती तपासणी. मॅन्युअलमधली मुदत पाळा. कपाटात पडून राहिलेल्या रेग्युलेटरलाही ती लागू आहे, कारण रबर न वापरताही कडक होतं, सीट न वापरताही दबून राहते. आणि माउथपीसच्या भोकातून किडे आत शिरून बसतात, हे मी गंमत म्हणून सांगत नाही. पण मुदत संपली नाही म्हणून क्रीप असलेला रेग्युलेटर घेऊन पाण्यात जाणं, हे मुदत चुकवण्यापेक्षा वाईट.

परत आणल्यावर

पावतीवर पुढच्या गोष्टी मागून घ्या: आधीचा आणि नंतरचा आयपी, दोन्ही सेकंड स्टेजचं क्रॅकिंग प्रेशर, बदललेल्या भागांची नावं. जुने भाग पिशवीत घालून मागा. चांगला तंत्रज्ञ ते आपणहून देतो, आणि झिजलेली सीट दाखवून समजावूनही सांगतो. विचारल्यावर तोंड वाकडं करणाऱ्याकडे पुढच्या वेळी जाऊ नका.

घरी आल्यावर वरच्या सगळ्या तपासण्या पुन्हा करा. नुकतंच उघडून जुळवलेलं यंत्र हे कधीच न उघडलेल्या यंत्रापेक्षा जास्त संशयाने बघायचं असतं. एखादी नळी अर्धवट आवळलेली असेल, एखादी ओ-रिंग पिळली गेली असेल. नवी सीट पहिल्या काही तासांच्या वापरात आपली जागा धरते, त्यामुळे आयपी आणि श्वासाची ओढ किंचित बदलू शकते. म्हणून पहिली डाइव्ह उथळ, ओळखीच्या, शांत पाण्यात करा, मोठ्या सहलीच्या आदल्या दिवशी सर्व्हिसिंग करून आणू नका. दोन-तीन डाइव्हनंतर आयपी पुन्हा मोजा. सरकलेला दिसला तर त्याच तंत्रज्ञाकडे न्या आणि दोन्ही आकडे समोर ठेवा. ही छोटी जुळवणी त्याच्या कामाचाच भाग आहे.